पंचांच्या छातीवरचं यंत्र

"आत्ताच्या आत्ता वडिलांना घेऊन या," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "ठोके मध्येच थांबताहेत."

मुलगा ऑफिस सोडून घरी धावला. वडील गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोरांवर ओरडत होते, "आउट होता तो! डोळे आहेत की बटणं?" सारी हयात मैदानावर पंचगिरी करण्यात गेलेली. सगळे त्यांना पंचच म्हणत.

मांडीतून नळी घालून नुकतीच त्यांच्या हृदयातली झडप बदलली होती. अशा उपचारानंतर ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून घरी सोडताना छातीवर एक छोटं यंत्र चिकटवलं होतं. त्याची नोंद थेट हॉस्पिटलात जायची. आंघोळीनंतर चिकटपट्ट्या बदलायचं काम आईकडे होतं.

"बाबा, चला. गाडी खाली उभी आहे."

"तुझी आईही येणार."

"ती कशाला? तुमचं करून करून आधीच तिला घेरी येतेय."

"ती आली नाही, तर मी जागचा हलणार नाही!"

गाडीतही त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "ही स्वयंपाकघरात पडली, तेव्हा हॉस्पिटलातल्या त्या तरुण डॉक्टरने मान तरी वर केली का? म्हणे, वय झालंय, दगदग झाली, भरपूर पाणी प्या. आणि माझ्या दिमतीला अख्खा वॉर्ड!"

"बाबा, आत्ता तुमच्या जिवाचा प्रश्न आहे," मुलगा वैतागला. "आईचं नंतर बघू."

"नंतर! जन्मभर तिचं सगळं नंतरच!"

आई शालीत गुरफटून खिडकीबाहेर बघत राहिली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. एका लयीत वरखाली होत आलेली रेघ मध्येच सपाट झाली होती.

"इथे ठोकाच नाही. अशाने माणूस उभ्या उभ्या कोसळतो. आजच पेसमेकर बसवायला हवा."

"म्हणजे हे वयामुळे नाही?" पंचांनी विचारलं.

"नाही."

"दगदग? अशक्तपणा?"

"मुळीच नाही! कोणी सांगितलं तुम्हाला असं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "अशा पेशंटला तसंच घरी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे."

"पुन्हा एकदा बोला. माझ्या मुलाकडे बघून."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या, पण पुन्हा बोलल्या. मुलाने चुळबुळ करत मान डोलावली. त्याला वाटलं, म्हातारा घाबरलाय.

नर्सने खाट पुढे ओढली. "आजोबा, शर्ट काढून झोपा बघू."

पंच उठले. बायकोचा हात धरून त्यांनी तिला अलगद खाटेवर बसवलं.

"हिला तपासा," ते म्हणाले. "ते यंत्र परवापासून हिच्या छातीवर आहे."