गळा राहिला होता

खुर्चीत घोरणाऱ्या भावाच्या मांडीवरून आत्याने विणकाम अलगद उचललं आणि भाचीकडे बघून डोळे मिचकावले.

"दोन हिवाळे झाले, हाच निळा स्वेटर. बघावं तेव्हा याचा आपला गळा राहिलेला. कासवाच्या हातात सुया दिल्या असत्या तर त्यानेसुद्धा एव्हाना उरकला असता."

"राहू दे ना आत्या. बाबांचं बाबांना विणू दे," भाची म्हणाली, पण तिलाही हसू येत होतं. तिचे दिवस भरत आले होते आणि स्वेटर आता बाळालाच होणार होता.

भावाला विणायला आत्यानेच शिकवलं होतं. अपघात झाला, बस चालवणं सुटलं, आणि त्याचे हात थरथरायला लागले. कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा सदऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी काम द्या. जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाने सुया धरल्या तेव्हा सगळं घर हसलं होतं. पण एक सुलटा टाका, एक उलटा करता करता त्याच्या हातांची थरथर थांबली. मग तो विणता विणता गुणगुणायला लागला, लोकरीच्या दुकानात रंगांवरून हुज्जत घालायला लागला. औषधांना जमलं नाही ते माझ्या दोन सुयांनी केलं, असं आत्या ज्याला त्याला सांगत सुटायची. अपघाताबद्दल मात्र घरात कुणीच बोलत नसे.

आत्याने झरझर गळा विणला, टाके बंद केले, बाजू शिवल्या आणि शेवटची गाठ आवळली.

"माझी गाठ आहे. बाळ कॉलेजात गेलं तरी सुटायची नाही."

भाचीने स्वेटर पोटावर पसरून पाहिला. "केवढा मोठा झालाय गं हा."

"मुलं काय, बघता बघता वाढतात. आणि पुरुषांना कुठलं आलंय माप?"

तेवढ्यात भाऊ जागा झाला. त्याने मांडी चाचपली. मग समोर पाहिलं.

"संपवलास?"

"म्हटलं, तुझा एक घोर कमी करावा," आत्या म्हणाली.

त्याची बोटं थरथरू लागली, मग मनगटं. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, तर खुर्चीच करकरायला लागली.

"गळ्याशी आलो की मी उसवायचो, ताई. मग पुन्हा टाके घालायचे. आधीपेक्षा थोडे जास्त."

"जास्त कशाला?"

"तो वाढला असता ना."

कोण, असं विचारायला आत्याने तोंड उघडलं आणि तिला कळलं.

"निळाच स्वेटर होता त्याचा," तो म्हणाला. "बसच्या चाकाखालून काढला तेव्हा गळ्याशी उसवला होता."

भाचीने स्वेटर पोटावरून झटकून टाकला. दोन्ही हात पोटावर घेऊन ती मागे सरकली ती भिंतीला टेकेपर्यंत. मेलेल्या मुलासाठी विणलेला स्वेटर आपण आपल्या बाळाला लावून पाहिला! बापाचा तिला रागच आला. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि आपण त्यावरून थट्टा करत होतो.

आत्या खाली बसली. तिने स्वेटर उचलला आणि गाठ शोधली. नखाने सुटेना, सुईच्या टोकाने सुटेना. जन्मभर आपल्या गाठींचा तोरा मिरवलेली बाई हुंदके देऊन रडायला लागली.

"कात्री दे गं," ती म्हणाली.

खुर्ची करकरतच होती. शेवटी भिंतीचा आधार घेत भाची पुढे आली, कपाटावरची कात्री घेतली आणि गाठ तिनेच कापली. मग बापासमोर बसून तिने दोन्ही हात पुढे धरले. आत्या एकेक ओळ उसवत गेली आणि वाकडीतिकडी झालेली लोकर तिच्या हातांवर गुंडाळत गेली. गळा गेला, खांदे गेले, बाह्या गेल्या.

"आता केवढा घालायचा, बाबा?" तिने विचारलं.

त्याने खुर्चीचा हात सोडला. थरथरता तळवा जमिनीपासून वर वर नेला, थांबला, आणखी थोडा वर नेला. तिथे तो हात अगदी स्थिर राहिला.