आईकडून आलेलं

नांदेडला माशांवर संशोधन करणारी शिवकन्या सुट्टीत रेणापूरला आली. जेवताना वैजनाथनं लेकीला विचारलं, "एवढं काय बघून राहिलीस गं त्या माशांत?"

"सालमन आन् त्याच्या भाऊबंद जाती, पप्पा. पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांच्या जनुकांची ठेवण आन् माशांचं आयुष्य, यांचा काही मेळ लागतो का, ते आम्ही बघतो."

"ती जनुकं येतात कुठून?"

"फक्त आईकडून. माणसातबी तसंच."

वैजनाथचा घास हातातच राहिला. त्याची बायको कावेरी चाळिशीच्या आतच गेली होती. तिची आईही तशीच.

शिवकन्येच्या ते ध्यानात आलं. "पप्पा, हे माशांच्या जातीजातीतलं हाय. एकेकाचं आयुष्य त्यावरून कळत न्हाई." त्यानं मान हलवली, पण कानात 'फक्त आईकडून' एवढंच राहिलं.

दुपारी त्याची बहीण आली. भाचीला जवळ घेऊन तिनं डोळ्यांना पदर लावला. "बघ रे वैजनाथ, कावेरीच घरात हिंडून राहिली जणू."

बायको गेल्यापासून असं कुणी म्हटलं, की त्याला तेवढाच आधार वाटायचा.

"न्हाई!" तो ओरडला. "तिचं काहीच न्हाई हिच्यात. ही सगळी माझ्यावर गेलीय."