शब्दावरची रेघ

“विषुववृत्तावर,” साधना म्हणाली. “लिही.”

सृष्टीचं पेन कागदावर टेकायच्या आधीच थांबलं. वस्तूचं वजन पृथ्वीवर सर्वांत जास्त कुठे भरतं, एवढाच प्रश्न होता. उत्तर ‘ध्रुवांवर’. सृष्टी नववीत होती, पण तिच्या तुकडीचं दहावीचं विज्ञान दिवाळीपूर्वीच संपलं होतं.

नाशिकरोडच्या त्या शाळेत, एका वेगळ्या खोलीत, दहावीच्या विज्ञानाचा पेपर चालू होता. साधनाला दिसत नव्हतं. ती कळवणकडची, शहरातल्या अंध मुलींच्या वसतिगृहात राहणारी. प्रश्न वाचून दाखवायचे आणि ती सांगेल ते लिहायचं, हे लेखनिकाचं काम. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून सृष्टी.

सृष्टी आली होती तासांसाठी. तिच्या शाळेत सकाळी पावणेसात ते संध्याकाळी पाच शाळा आणि क्लास एकत्र चाले. दर रविवारी परीक्षा, दर सोमवारी फळ्यावर क्रमांक. शिवाय वर्षाला वीस तास ‘उपक्रम’ सक्तीचा. तास भरले नाहीत तर पहिल्या तुकडीतून नाव खाली. कथक सहावीत सुटलं होतं, पोहणं आठवीत. मार्च उजाडला तरी उपक्रमाचा रकाना कोरा होता. शेवटी तिच्या आईनेच, उज्वलाताईंनी, ही वाट शोधून काढली होती.

“नुसतं तर लिहायचंय,” त्या म्हणाल्या होत्या. “तास भरतील आणि डोकं अभ्यासाला शिल्लक राहील.”

आता पंचवीस मिनिटं उरली होती. दोनच गोष्टी बाकी होत्या. आठवून बघते म्हणून साधनाने मागे ठेवलेली ही गाळलेली जागा, आणि शेवटचा तीन गुणांचा प्रश्न. तो तिला तोंडपाठ होता.

सृष्टीने पर्यवेक्षिकेकडे पाहिलं. बाई खिडकीशी उभ्या राहून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे बघत होत्या. सृष्टीच्या तुकडीत अर्ध्या गुणाने क्रमांक चार पायऱ्या खाली येई. चूक समोर दिसत असताना तशीच लिहायची, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिने ‘ध्रुवांवर’ लिहिलं. मग नेहमीसारखी शब्दावर डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढली. अक्षरं आधी, रेघ शेवटी. पहिलीपासून तिची हीच रीत होती.

साधनाने मान किंचित कलती केली.

“काय लिहिलंस?”

“विषुववृत्तावर,” सृष्टीने वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

“नाय,” साधना हळूच म्हणाली. “एवढ्या लांब शब्दावर एवढीशी रेघ?”

इतक्या पेपरांत साधनाचा कान कायम कागदाकडे वळलेला असे. ते लक्ष देणं आहे, एवढंच तिला वाटत आलं होतं; साधना पेनाची रेघ ऐकत होती.

“चुकत होतं, ताई,” ती कुजबुजली. “मी फक्त—”

“काय गं, काय चाललंय?” बाई वळल्या.

साधनाने एक वाक्य बोलायचा अवकाश, की दोघींच्या नावावर कॉपीची केस झाली असती.

“काही नाही, बाई,” साधना शांतपणे म्हणाली. “माझं एक उत्तर बदलायचंय. खाडाखोड केली तर चालेल ना?”

“चालेल. नीट आडवी रेघ मारा.”

सृष्टीने ‘ध्रुवांवर’ खोडलं. शेजारी ‘विषुववृत्तावर’ लिहिलं आणि वर लांब रेघ ओढली. रेघ संपेपर्यंत साधनाचा कान कागदाकडेच होता.

“आता पहिल्यापासून सगळा पेपर वाच.”

“ताई, शेवटचा प्रश्न राहील. तीन गुण आहेत.”

“राहू दे. वाच.”

सृष्टीने वाचायला सुरुवात केली. एकेक उत्तर, एकेक शब्द. लिहिताना ऐकलेल्या रेघा आता पुन्हा ऐकू येणार नव्हत्या. कागदावर जे होतं तेच सृष्टी वाचते आहे, यावर साधनाला नुसता विश्वास ठेवायचा होता. सृष्टी स्वल्पविरामसुद्धा वगळत नव्हती. शेवटच्या पानावर पोचली तेव्हा सहा मिनिटं उरली होती. तीन गुणांचं उत्तर दोन ओळींवर आलं आणि घंटा झाली.

जिन्यात साधनाने तिचा कोपर धरला. तेरा पायऱ्या उतरून दोघी शेवटच्या पायरीवर आल्या.

“बरोबर उत्तर काय होतं?” साधनाने विचारलं.

“ध्रुवांवर.”

“म्हणजे तुझंच खरं. मागच्या वर्षी आमच्या वसतिगृहातल्या एकीला नव्वद टक्के पडले. गावात काय म्हणाले, सांगू? लिहिणारी लय हुशार असणार. अकरावीला सायन्स मागायला गेली, तर तिथला क्लार्कपण हसला. म्हणे, मार्क कोणाचे, तुझे का तिचे? मलापण सायन्सच घ्यायचंय.”

फाटकाबाहेर उज्वलाताई गाडी सुरू ठेवून उभ्या होत्या. साडेतीनच्या तासिकेला सृष्टीला पोचायचं होतं. तिने हात केला, पण पायरी सोडली नाही.

“माझ्यामुळे शेवटच्यातले दोन गेले, ताई. गाळलेल्या जागेचा एक धरून तीन गुण तरी गेलेच.”

साधना मोकळेपणाने हसली.

“जाऊ दे ते तीन. आता बाकीचे सगळे माझे.”