दुसऱ्या देशमुखांचा कूलर

रागिणी देशमुखनं भर उन्हाळ्यात अमरावतीच्या एका दुकानातून कूलर घेतला. दुकानाच्या माणसानं तो मागच्या गल्लीतल्या दुसऱ्याच देशमुखांकडे उतरवला.

"देशमुखाच्या घरी माल पोचला, सही बी झाली. आता मी बदलूनही देत नाही अन् दुसराही देत नाही," दुकानदार गोपालशेठ म्हणाले.

"मंग चला माह्यासंग. त्यायच्या घरून उचलू अन् माह्या घरी ठेवू," रागिणी म्हणाली, आणि खरंच त्यांना स्कूटीवर बसवून घेऊन गेली.

तिथल्या म्हातारीनं दोघांना कौतुकानं कूलरसमोरच बसवलं.

"पुण्याच्या पोरानं धाडला. पैसेही त्यानंच भरले. चार वर्सं झाले, साधा फोन नाही त्याचा. पण मी ह्यायले म्हणतच होती, पोरगं इसरलं नाही आपल्याले."

बाजूच्या खाटेवर तिचा आजारी नवरा गार वाऱ्यात शांत झोपला होता. रागिणी कूलरचं नावही न काढता जायला उठली आणि धास्तावून गोपालशेठकडे पाहू लागली.



"हो काकू, त्याचाच फोन आला होता," गोपालशेठ म्हणाले. "काही बिघडलं तं लगेच बदलून द्या म्हणे."