गुरुवारचं वलय

चाकणच्या आमच्या लॅबमध्ये गाड्यांचे सुटे भाग तपासतात. त्यात साहेबांनी हा कोकणातला शिंपला माझ्या गळ्यात मारला. कधीच मेलेला, उभा चिरून रेझिनमध्ये पक्का बसवलेला. शिंपला वलयावलयाने वाढतो. समुद्रात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजले की त्याला भरपूर खायला मिळतं आणि त्या वलयात बेरियम चढतं. त्यावरून जुन्या समुद्राचा आलेख काढायचा, एवढंच काम.

पण दर शुक्रवारी कडेला एक वलय जास्तीचं निघायचं, आणि बेरियम सगळ्यात जास्त त्यातच. आजही तेच.

"नवनाथ, परत दुसराच नमुना लावलास ना?" मी मशिनवरच्या तंत्रज्ञावर खेकसले.

तोही वैतागला. "मॅडम, बुधवारी तुम्हीच कपाटात कुलूप लावून ठेवलात. गुरुवारी सगळ्या एरियाची लाइट बंद, लॅब बंद. मी कधी हात लावणार?"

"मग हे वलय आलं कुठून?"

"ते राहू द्या. बेरियम चढलंय म्हणजे यानं काल काहीतरी खाल्लं, असंच ना?"

"डोकं खाऊ नकोस. बंद खोलीत काय खाणार? गुरुवारी या कपाटापाशी असतं तरी कोण?"

नवनाथ दाराकडे बघत होता. गुरुवारचे वॉचमन चिमाजीमामा चावी द्यायला आले होते. एका हाताने त्यांनी पँट धरून ठेवली होती.

"एखादा खिळा हाय का, पोरी?" ते म्हणाले. "पट्ट्याला आणिक एक भोक पाडायचंय. हर गुरुवारी ढिला पडतोय."