उजवीकडचं दूध

"धर गं, नासिएकू," म्हणत म्हातारीनं शत्रूच्या कुळातलं तान्हं तिच्या मांडीवर ठेवलं. मसाई लोकांचा रिवाजच तसा. दोन्ही कुळांच्या आयांनी एकमेकींची लेकरं पाजायची, तेव्हाच वैर मिटायचं आणि नव्या विहिरीवर दोन्हीकडची गुरं पाणी प्यायची.

"जपून हं, चावतो लबाड," समोरची बाई म्हणाली. हिच्याच दिरानं नासिएकूचा नवरा भाल्यानं मारला होता. तेव्हापासून नासिएकूला ना ऊन लागत होतं, ना सावली. तान्हं चुटूचुटू पिऊ लागलं, तरी तिला काहीच वाटलं नाही.

समोरच्या बाईच्या मांडीवर नासिएकूची लेक मात्र तोंड फिरवून रडत राहिली. समेटाचं गवत मुठीत धरलेले म्हातारे थिजले. लेकरू प्यायलं नाही तर समेट मोडणार होता.

नासिएकूनं मांडीवरच्या तान्ह्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उजवीकडे घे. डावीकडे पीत नाही ती."