चौरंगावरची जागा

एक जानेवारीला पडेगावच्या नव्या फ्लॅटमध्ये मी माझ्यापुरता एक कोपरा मांडला. चौरंग, समई आणि नव्या वर्षाच्या संकल्पांची वही. पहिला संकल्प लिहिला, खोटं बोलायचं नाही.

याच चौरंगावर सासूबाईंचे पाच टाक असायचे, पूर्वजांचे चांदीचे ठसे. त्या ते चिंचेनं घासायच्या, हळदकुंकू लावायच्या. त्या गेल्यावर मी ते मोडून माझ्या लेकीला, संस्कृतीला, पैंजण केले. नवऱ्याला, रामेश्वरला, सांगितलं, घर बदलताना हरवले. बिचाऱ्यानं आठ दिवस खोकी उपसली.

दुसऱ्या दिवशी घरभर चिंचेचा वास होता. घरात चिंच नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी पोरीचे पैंजण लखलखत होते. पाच घुंगरांवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली. "तू लावलंस का गं?" तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आज सकाळी तिचं अंथरूण रिकामं. ती चौरंगावर मांडी घालून बसली होती. कपाळावर ओलं कुंकू. पापणी लवत नव्हती.

"संस्कृती, उतर खाली. शाळेची बस येईल."

"नाय," ती म्हणाली. "आजी म्हणली, टाकानं जागा सोडायची नसती."